अरब देशांतील दूरसंचार-विकासाची चर्चा आणि रायगडची किनारपट्टी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

‘एकविसावे शतक हे माहितीचे शतक आहे’ हे वाक्य आपल्या परिसंवादांच्या उद्घाटनपर भाषणांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ही माहिती कोणत्या तारेवरून येते, त्या तारेचे दुसरे टोक कोणाच्या हाती असते, बोलण्याचे मोल कोण ठरवितो आणि तार तुटल्यास ती जोडण्याची जबाबदारी कोणावर असते, हे प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात बसत नाहीत. अरब देशांतील दूरसंचार व माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या विकासाविषयी गेल्या दोन दशकांत जी चर्चा झाली, तिची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. मात्र ती कैरो किंवा दुबई येथून नव्हे, तर अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या किनारपट्टीवरून करावयाची आहे.

विषय ऐकताच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “अरब देशांतील टेलिफोनशी आपला काय संबंध?” प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. अलिबाग तालुक्यातील चौल म्हणजेच अरब लेखकांचे ‘सैमूर’, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. अल-मसूदी हा अरब प्रवासी व इतिहासकार इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी तेथे आला होता आणि तेथील मोठ्या अरब व मुस्लिम वस्तीची नोंद त्याने करून ठेवली आहे. मोसमी वाऱ्यांवर चालणारी गलबते हीच त्या काळची संदेशवहनाची यंत्रणा होती. दुसरे उत्तर आपल्या वर्गातच बसलेले असते. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामाला गती आली आणि कोकणच्या किनाऱ्यावरील कुटुंबांतून माणसे तिकडे जाऊ लागली. आज श्रीवर्धन-म्हसळ्याकडील विद्यार्थ्याने “वडील बाहेर असतात” असे सांगितले की ते मुंबईत असतील, असे शिक्षक गृहीत धरीत नाही, तो “कुवेत की दुबई?” असे विचारतो. म्हणजे अरब देशांतील दूरसंचाराचे धोरण हा आपल्या पालकसभेच्या उपस्थितीशी निगडित असलेला विषय आहे.

अहवालाने काय मोजले

या चर्चेचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने प्रकाशित केलेला २००३ चा अरब मानव विकास अहवाल. २००२ च्या पहिल्या अहवालाने अरब समाजातील तीन उणिवा सांगितल्या होत्या : स्वातंत्र्याची, स्त्रियांच्या सक्षमीकरणाची आणि ज्ञानाची. २००३ चा अहवाल यांपैकी तिसऱ्या उणिवेला वाहिलेला होता. अरब देशांत दर हजार लोकांमागे १८ पेक्षाही कमी संगणक असून जागतिक सरासरी ७८.३ आहे, जेमतेम १.६ टक्के लोकांना इंटरनेट उपलब्ध आहे. टेलिफोन-जोडण्यांचे प्रमाण विकसित देशांच्या सुमारे एक पंचमांश आहे. हजार लोकांमागे दैनिकांचे प्रमाण विकसित देशांत २८५, तर अरब देशांत ५३ आहे, अशी आकडेवारी त्यात दिली होती. अहवालाचे लेखक प्रामुख्याने अरब विद्वानच होते, ही त्याची मोठी जमेची बाजू. बाहेरच्याने केलेली टीका आणि घरच्याने केलेले आत्मपरीक्षण यांत फरक असतो. हा अहवाल दुसऱ्या प्रकारात मोडतो. राज्यकर्त्यांनी माहितीवर ठेवलेला ताबा, वृत्तपत्रांवरील बंधने, पाठांतरावर आधारलेले शिक्षण यांविषयी त्याने जे लिहिले त्याची धार अद्याप कमी झालेली नाही. ज्या ट्युनिशियात नोव्हेंबर २००५ मध्ये माहिती-समाजावरील जागतिक शिखर परिषद भरली, तेथेच संकेतस्थळे बंद ठेवली जात होती; आणि जानेवारी २०११ मध्ये जनआंदोलन दडपण्यासाठी इजिप्तच्या शासनाने जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट काही दिवस तोडून टाकले. अहवालाचे निदान कोठे खरे ठरले, हे यावरून दिसते.

परंतु भारतीय वाचकाने ही आकडेवारी वाचताना एक पथ्य पाळावयास हवे होते, ते पाळले गेले नाही. अरबांच्या ज्ञान-दारिद्र्यावर आपल्याकडेही त्या काळी बरेच लिहिले गेले आणि त्यात एक प्रच्छन्न समाधान होते. वस्तुस्थिती अशी की, १९९९ च्या आपल्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने २००५ पर्यंत शंभर लोकांमागे ७ आणि २०१० पर्यंत १५ दूरध्वनी, असे लक्ष्य ठेवले होते. ग्रामीण भागातील ०.४ हे प्रमाण २०१० पर्यंत ४ वर न्यावयाचे होते. विकसित देशांच्या एक पंचमांश असलेली अरब सरासरी ही त्या क्षणी आपल्यासाठी भविष्यातील इच्छा होती. आपण ज्याला मागास म्हणत होतो तो या एका मोजपट्टीवर आपल्या पुढे होता. मोबाइलने पुढे दोघांचेही आडाखे मोडीत काढले, ही गोष्ट निराळी.

याहून गंभीर आक्षेप मोजपट्टीवरच आहे. ‘दूरध्वनी-घनता’ ही संज्ञा देशाला एकक मानते. देशातील एकूण जोडण्यांना देशातील एकूण माणसांनी भागावयाचे की झाला विकास. आता संयुक्त अरब अमिरातीचा विचार करावा. तेथील रहिवाशांपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक लोक परदेशी आहेत आणि मोबाइल-जोडण्यांची संख्या लोकसंख्येपेक्षा दीर्घकाळ अधिक आहे. या जोडण्यांत म्हसळ्याच्या वाहनचालकाचे, मुरूडच्या स्वयंपाक्याचे, मल्याळी परिचारिकेचे सिमकार्ड मोजलेले आहे. त्याच माणसाची पत्नी मात्र भारताच्या ग्रामीण घनतेत मोजली जाते. आणि ती घनता मार्च २०२४ अखेर सुमारे ५९ होती, तर शहरी घनता सुमारे १३४. एका संभाषणाची दोन टोके अशा रीतीने दोन निरनिराळ्या तक्त्यांत जातात आणि संभाषण कोणत्याच तक्त्यात येत नाही. २००३ च्या अहवालात अरब तज्ज्ञांच्या परदेशगमनाची चिंता आहे आणि ती योग्यच आहे. पण अरब शहरे उभारणारा आशियाई कामगार त्या चित्राच्या कडेलाच राहतो. दूरसंचाराची सर्वाधिक गरज ज्याला होती, आणि ज्याच्या खिशातून त्या क्षेत्राला नियमित उत्पन्न मिळत होते, तोच विकासाच्या व्याख्येबाहेर राहिला.

तारेची दोन टोके

अरब भूमीतून जाणारी आणि अरबांसाठी नसलेली तार ही काही नवी गोष्ट नाही. १८६४ मध्ये गवादरहून मुसंदम, बुशहर या मार्गाने फाओपर्यंत इराणच्या आखातात जी समुद्री तार टाकली गेली, तिचा हेतू लंडन आणि हिंदुस्थान यांना जोडणे हा होता. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तिचाही हेतू तोच. मुसंदमच्या खाडीतील एका उजाड खडकावर काही वर्षे तारघर होते आणि ते बेट आजही त्याच नावाने ओळखले जाते. पलीकडच्या डोंगरांत राहणाऱ्यांचा एकही निरोप त्या तारेने नेला असेल, असे वाटत नाही. साम्राज्य गेले, पण मार्ग तोच राहिला. मुंबईहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आजच्या प्रकाशतंतूंच्या तारांपैकी बहुतेक अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्त यांवरूनच युरोपात पोहोचतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या तेव्हा भारताची मोठी इंटरनेट-क्षमता काही दिवस नाहीशी झाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तारा तुटल्यावर भारत आणि आखात दोन्हीकडे वेग मंदावला. ‘अरब देशांतील दूरसंचाराचा विकास’ असे म्हणताना आपणही त्याच तारेवर लोंबकळत आहोत, हे अशा दिवशी कळते.

किनाऱ्यावरील कुटुंबांचा अनुभव मात्र तारेच्या इतिहासापेक्षा दराच्या इतिहासाशी अधिक जवळचा आहे. पहिल्या पिढीसाठी पत्र होते. त्यानंतर ध्वनिफितीचा काळ आला : घरच्या सर्वांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलावयाचे आणि ती कॅसेट सुट्टी संपवून परत निघालेल्या गावकऱ्याबरोबर पाठवावयाची. उत्तर यावयास दोन-तीन महिने लागत; काही कॅसेटींत मागे कोंबडा आरवत असे, आणि पलीकडे तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकला जाई, असे जुने लोक सांगतात. १९८६ मध्ये विदेश संचार निगमाची स्थापना झाली, सी-डॉटच्या छोट्या ग्रामीण केंद्रांनी खेड्यांत थेट डायल करण्याची सोय आणली आणि पाठोपाठ पिवळ्या पाटीची एस.टी.डी.-आय.एस.डी. केंद्रे आली. प्रस्तुत लेखकाचे बालपण अशा एका केंद्राच्या समोर गेले. फोन येथून तिकडे क्वचितच केला जाई. लाल आकडे पुढे सरकविणाऱ्या यंत्राची धास्ती होती. बहुतेक फोन तिकडून येत. शुक्रवारी आखातात सुट्टी असे, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर केंद्रावर गर्दी होई. केंद्रचालक मुलाला पिटाळी, मूल वाडीवर जाऊन निरोप देई, “अर्ध्या तासाने परत येणार आहे”, आणि कोणाची तरी आई पदर सावरीत बाकावर येऊन बसे. ज्यांच्या शेजारी फोन होता त्यांच्या पत्त्यात क्रमांकापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे असत. एका क्रमांकावर दहा घरे बोलत होती. घनतेच्या गणितात ती एक जोडणी होती.

हा दर कोण ठरवीत होते? आंतरराष्ट्रीय संभाषणाचा हिशेब दोन देशांच्या कंपन्यांमध्ये होतो. ज्या देशातून फोन केला जातो तेथील कंपनी ग्राहकाकडून पैसे घेते आणि पलीकडच्या कंपनीला मिनिटामागे ठरलेली रक्कम देते. जेथे दोन्हीकडे एकाधिकार असतो तेथे दोघांनाही दर चढा राहण्यातच लाभ असतो. अमिरातीत १९७६ पासून एतिसलात, सौदी अरेबियात १९९८ मध्ये निगमित झालेली सौदी टेलिकॉम आणि आपल्याकडे विदेश संचार निगम, हे सर्व एकाधिकाराचेच वृक्ष होते. कामगाराचे बोलणे हा दोन राष्ट्रांच्या तिजोऱ्यांचा समाईक महसूल होता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

येथे आपल्या धोरणाची बाजू पांढरी आणि त्यांची काळी, असे चित्र रंगविण्याचा मोह टाळला पाहिजे. इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास १९९९ च्या आपल्याच धोरणाने नकार दिला होता. ती मुभा १ एप्रिल २००२ पासून, विदेश संचार निगमाचा एकाधिकार संपला तेव्हा, मिळाली, तीही मर्यादित. त्यानंतर आपल्या बाजूचे दर झपाट्याने उतरले. आखाताच्या बाजूने मात्र हाच प्रश्न पुढे दीड-दोन दशके रेंगाळला. सौदी अरेबियाने इंटरनेटवरील संभाषणावरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठविली. अमिरातीत स्काइपवरून बोलणे रोखले गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश चालत, पण त्यावरून बोलण्यास दीर्घकाळ प्रतिबंध राहिला. पर्याय म्हणून परवानाप्राप्त ॲप आणि त्यासाठी महिना ५० दिरहमचे स्वतंत्र शुल्क ठेवण्यात आले. महिना हजार-बाराशे दिरहम मिळविणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही रक्कम सव्वा ते दीड दिवसाच्या मजुरीइतकी होते. युरोपीय व्यवस्थापकाच्या दृष्टीने ती नगण्य आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे घरून काम आणि शिक्षण सुरू झाले तेव्हा तेथील नियामकाने झूम, टीम्स यांसारख्या सेवांना तात्पुरती मुभा दिली. कार्यालयाला आणि शाळेला जे क्षणात देता आले, ते कामगाराच्या मुलाशी चित्रासह बोलण्यासाठी मात्र वर्षानुवर्षे देता आले नव्हते. तंत्रज्ञानाची अडचण नव्हती, हे यावरून सिद्ध होते.

खासगीकरण आणि स्पर्धा हा या क्षेत्राच्या विकासाचा सर्वमान्य उपाय म्हणून पुढे केला जातो. जॉर्डनने २००० मध्ये आपल्या दूरसंचार कंपनीचा ४० टक्के हिस्सा फ्रान्स टेलिकॉमच्या नेतृत्वाखालील गटाला विकला. सौदी अरेबियात दुसरा मोबाइल परवाना २००४ मध्ये दिला गेला. अमिरातीत ‘डू’ ही दुसरी कंपनी २००७ मध्ये आली. तरीही वर सांगितलेला निर्बंध टिकला. कारण अमिरातीतील दोन्ही कंपन्यांत सरकारी व निमसरकारी संस्थांचेच मोठे भांडवल होते. कंपन्यांची संख्या एकावरून दोनवर गेली म्हणजे स्पर्धा आली असे मानणारे विश्लेषण पाठ्यपुस्तकापुरते ठीक आहे. याउलट इजिप्तने जानेवारी २००२ मध्ये योजिलेला मार्ग अधिक अभ्यसनीय वाटतो. तेथे इंटरनेटसाठी वेगळी वर्गणी घेणे बंद झाले; ग्राहकाने केवळ स्थानिक फोनचा दर द्यावयाचा आणि तो दूरध्वनी कंपनी व इंटरनेट-पुरवठादार यांनी वाटून घ्यावयाचा. कोणतीही भव्य इमारत न बांधता सामान्य घरात इंटरनेट नेणारी ही योजना होती. ज्या शासनाने ती आणली त्याच शासनाने नऊ वर्षांनी इंटरनेट तोडले, हा विरोधाभासही तितकाच अभ्यसनीय आहे.

भाषेचा प्रश्न

या विषयावर विस्ताराने लिहिण्यास स्वतंत्र लेख हवा. येथे थोडक्यात एवढेच. अरबीचे संगणकीकरण ही प्रामुख्याने अरब उद्योजक व भाषातज्ज्ञांची कामगिरी आहे. १९८२ मध्ये कुवेतमध्ये सुरू झालेल्या ‘सख्र’ने उजवीकडून डावीकडे लिहिणारा घरगुती संगणक अरब मुलांच्या हाती दिला आणि नबील अली यांच्यासारख्या संशोधकांनी अरबीच्या शब्दरूपांचे विश्लेषण करणाऱ्या प्रणाली घडविल्या. २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया आणि अमिरात यांना अरबी लिपीतील प्रदेशनाम मिळाले. आपल्याला देवनागरीतील ‘.भारत’ २०१४ मध्ये मिळाले. याचा अर्थ आपण स्वस्थ बसलो होतो असा नाही. पुण्यातील सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान व इस्की संकेतप्रणालीद्वारे भारतीय लिप्यांसाठी केलेले काम त्याच काळातील आहे. आपण गमावले ते मधल्या काळात. प्रमाणित संकेत उपलब्ध असूनही मराठी मुद्रण आणि कार्यालये अनेक परस्परविसंगत फॉन्टांच्या आहारी गेली. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल.चा प्रबंध अशाच एका खासगी फॉन्टमध्ये टंकलिखित झाला होता; आज ती फाइल उघडली असता इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे यांचा ढीग दिसतो. बांधीव प्रत कपाटात आहे म्हणून ठीक. अरबीला एकसंध बाजारपेठ होती, बावीस देश होते, असे म्हणून हा फरक झटकता येईल. पण आठ-नऊ कोटी भाषिक हीसुद्धा लहान बाजारपेठ नव्हे.

बेटे

१९९९ मध्ये घोषणा होऊन २००० मध्ये सुरू झालेली दुबई इंटरनेट सिटी ही अरब माहिती तंत्रज्ञानाची प्रतिमा बनली. मुक्त क्षेत्र, शंभर टक्के परकीय मालकी, करसवलत आणि काचेच्या इमारती. इजिप्तने २००३ मध्ये कैरोच्या बाहेर ‘स्मार्ट व्हिलेज’ वसविले. या प्रयोगांचे यश नाकारता येत नाही; मक्तूबसारखी जॉर्डनमध्ये जन्मलेली अरबी इंटरनेट-कंपनी २००९ मध्ये याहूने विकत घेतली, तेव्हा नव्या पिढीच्या उद्योजकांना बळ मिळाले. परंतु अशा वसाहतींचा हिशेब बारकाईने पाहिला तर तो माहितीपेक्षा जमिनीचा अधिक असतो. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान धोरणांतही, १९९८ पासून, सर्वांत ठोस सवलत कोणती, तर माहिती तंत्रज्ञान उद्यानांना मिळणारे वाढीव चटईक्षेत्र. एखाद्या राज्याचे माहितीविषयक धोरण चौरस फुटांत मोजता यावे, ही बाब आपल्या वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांना खटकणार नाही कदाचित. प्रस्तुत लेखकाला ती खटकते.

रायगड जिल्ह्यात हे चित्र आणखी स्पष्ट दिसते. नवी मुंबईसाठी पनवेल-उरणची शेते सिडकोने संपादित केली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. या भूमीच्या परिसरात आज देशातील मोठी विदा-केंद्रे उभी राहत आहेत. जुलै २०२० मध्ये पनवेल येथे हिरानंदानी समूहाच्या ‘योट्टा’ या विदा-केंद्राचे उद्घाटन झाले. हजारो सर्व्हर-कपाटे, पर्यायी वीजपुरवठ्याच्या अनेक पातळ्या, एक क्षणही बंद न पडण्याची हमी. पनवेलचा दूरध्वनी-संकेतांक मुंबईचा, म्हणजे ०२२. अलिबागचा ०२१४१ आणि श्रीवर्धनचा ०२१४७. जिल्हा एक, संकेतांक अनेक. दुबईची इंटरनेट सिटी आणि येमेनमधील खेडे यांतील अंतरासाठी अरब जगाचा नकाशा लागतो. आपल्याला ते अंतर एका जिल्ह्यात, एस.टी.च्या एका दिवसाच्या प्रवासात दाखविता येते.

‘निसर्ग’ आणि मोजणी

या विदा-केंद्राच्या उद्घाटनाच्या सुमारे महिनाभर आधी, ३ जून २०२० रोजी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत घरांची छपरे उडाली, सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या आणि विजेचे खांब रांगेने आडवे झाले. वीज गेल्यावर मोबाइल मनोरे काही तास बॅटरीवर, त्यानंतर डिझेल असेपर्यंत जनित्रावर चालतात. रस्ते झाडांनी अडल्यावर डिझेल पोहोचत नाही. बहुतेक मनोऱ्यांपर्यंत जाणारी प्रकाशतंतूची तार एकाच रस्त्याकडेने जात असल्यामुळे ती एका ठिकाणी तुटली तरी पुढचे सर्व मनोरे मुके होतात. तांब्याच्या तारेचे जुने दूरध्वनी-केंद्र स्वतःच्या बॅटरीवर ग्राहकाच्या यंत्रापर्यंत वीज पुरवीत असे. ती सोय मोबाइलबरोबर गेली होती आणि ती गेल्याची खंत तोवर कोणी केली नव्हती.

टाळेबंदीचे ते दिवस होते. आखातातून परतणाऱ्यांसाठी ७ मेपासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली होती, पण काम गेलेले असंख्य कामगार तेथील खोल्यांत अडकून होते. त्यांच्या हाती जगातील उत्तम मोबाइल जाळे होते. दूरचित्रवाणीवर ते आपल्या तालुक्याचे नाव ऐकत होते आणि घरचा फोन लागत नव्हता. आमच्या महाविद्यालयातील श्रीवर्धन तालुक्यातील एका विद्यार्थ्याने पुढे सांगितले की, सहाव्या दिवशी तो आणि त्याचा चुलतभाऊ मोटारसायकलने, वाटेत झाडे ओलांडीत, रेंज मिळेल तेथपर्यंत माणगावच्या दिशेने गेले आणि कुवेतला असलेल्या वडिलांशी बोलले. जाताना त्यांच्याबरोबर वाडीतील अकरा घरांची चिठ्ठी होती : नाव, क्रमांक आणि पुढे ‘सर्व सुखरूप’ किंवा ‘पत्रे गेले’ एवढेच. त्याने रस्त्याकडेला उभे राहून अकराही फोन केले. शेजाऱ्याचा फोन नंबर आणि ‘पी.पी.’ ही अक्षरे इतिहासजमा झाली आहेत असे आपण वर्गात शिकवितो.

त्या सहा दिवसांत रायगड जिल्ह्याची दूरध्वनी-घनता किती होती? जी आधी होती तीच. जोडण्यांची मोजणी सिमकार्डांवरून होते आणि मनोरा बंद पडला तरी सिमकार्ड मोजलेच जाते. अरब अहवालाच्या मोजपट्टीवर घेतलेला आक्षेप येथे आपल्या दारात येऊन उभा राहतो. विकास म्हणजे जोडण्यांचा साठा असे एकदा मान्य केले की त्या जोडणीवरून सर्वांत वाईट दिवशी बोलता आले की नाही, हे विचारण्याची जागाच तक्त्यात उरत नाही. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम संमत झाला. यातही प्रगती ‘जोडलेल्या पंचायती’ या संख्येने सांगितली जाते. या सुधारित कार्यक्रमात एकाच रेषेऐवजी वर्तुळाकार जाळ्यावर भर आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटल्यास दुसऱ्या बाजूने मार्ग राहावा. किनारपट्टीसाठी ही तरतूद मूळ योजनेतच असावयास हवी होती.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयी नवे विनियम केले. त्यानुसार मोठा खंड पडल्यास कंपनीने तो प्राधिकरणाला कळवावयाचा आहे आणि चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिल्यास ग्राहकाला त्या प्रमाणात सवलत द्यावयाची आहे. दिशा योग्य आहे. खंड मोजला जाऊ लागला, हेच मोठे. परंतु या विनियमांत एकक जिल्हा हे आहे, आणि रायगड जिल्ह्यात पनवेलही येते, श्रीवर्धनही. शिवाय नैसर्गिक आपत्तीमुळे पडलेला खंड सवलतीच्या तरतुदीतून वगळण्यात आला आहे. ३ जून २०२० रोजी हे विनियम अस्तित्वात असते तरी त्या अकरा घरांना त्यातून काही मिळाले नसते.